मत काढायचंच तर गुन्ह्यावरून काढा, जेलच्या भिंतीवरून नको

प्रति,
सातारा, सांगली, माढा आणि हातकणंगले या मतदारसंघांचे मा. खासदार
(माहितीसाठी : भारत निवडणूक आयोग)

नमस्कार.

चौघांना एकत्रच लिहितेय, कारण आमचे दोन जिल्हे तुमच्या चौघांत वाटले गेलेत, माण-फलटण माढ्याला, वाळवा-शिराळा हातकणंगल्याला, बाकी सातारा आणि सांगलीला. आणि ज्या माणसांबद्दल लिहितेय ती या चारही मतदारसंघांची आहेत. त्यांची नावं तुमच्या यादीत आहेत, मत मात्र नाही. जेलमधली माणसं. खटला अजून चालू असलेले कच्चे कैदी पण आणि शिक्षा लागलेले पक्के कैदी पण.

मागं याच विषयाचं निवेदन घेऊन एका पुढाऱ्याच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या पीएने उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "बाई, ज्यांना मतच नाही त्यांच्यासाठी साहेब कशाला बोलतील?" वर चहा पण पाजला, म्हणजे माणूस वाईट नव्हता. जे आहे तेच बोलला. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, निवेदनासारखं फाईलला लागून गप पडायला नको.

मी जिल्हा परिषदेची रिटायर्ड शिक्षिका, सगळी नोकरी आटपाडी तालुक्यात गेली. आणि शिक्षक म्हटलं की इलेक्शन आलंच. बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणारी) म्हणून दारोदार याद्या घेऊन हिंडले, मतदान अधिकारी म्हणून आदल्या रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपले, पहाटे मॉकपोल (मशीन तपासायचं लुटुपुटीचं मतदान), मग दिवसभर नाव पुकारा, सही-अंगठा घ्या, शाई लावा. आमच्याकडं एजंट लोकांच्या हातात जी यादी असते ना ती एकदा बघा. नावापुढं पेन्सिलीने लिहिलेलं असतं, मयत, मुंबई, गलाई (आमच्या खानापूर-आटपाडीची निम्मी तरणी पोरं सोन्याचांदीच्या गलाईला पार केरळ-तामिळनाडूपर्यंत पांगलेली) आणि मधूनच एखाद्या नावापुढं, जेल. मयताचं कुणी मत टाकू नये म्हणून ती खूण असते हे समजतं. गलाईवाल्याला फोन जातो, तिकीट काढून आणतात पण त्याला, गावची निवडणूक अटीतटीची असली की. जेल लिहिलेल्या नावाकडं मात्र कुणी परत बघतच नाही.

त्या जेल लिहिलेल्यांत आता माझा सख्खा भाऊ आहे.

लपवायचं काही नाही. बांधावरून भांडण झालं, शेजारच्या भावकीशी, कोयते-काठ्या निघाल्या. आमच्या भावाच्या डोक्याला टाके पडले, समोरच्याची दोन बोटं गेली. दोन्हीकडून केसी, क्रॉस केस, कलम 307, खुनाचा प्रयत्न. भावाने केलं ते चूकच, शिक्षा लागली ते योग्यच झालं, मी कोर्टाविरुद्ध एक शब्द लिहीत नाहीये. सेशन कोर्टाने दोन्हीकडच्या मुख्य माणसाला पाच-पाच वर्षं दिली. एकाच दिवशी, एकाच कोर्टात. समोरच्यांनी मुंबईचा वकील लावला, अपील दाखल होऊन शिक्षेला स्थगिती आणि बेल मिळाली. आमच्याकडं तेवढा पैसा नव्हता, जमीन आधीच सोसायटीला तारण, आमचं अपील पडून राहिलं आणि भाऊ कळंब्याला, कोल्हापूरच्या जेलात, गेला. (आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं, आमची फाईल तिकडं गेलीय म्हणतात. बघू.)

तर 7 मे 2024, लोकसभेचं मतदान. मी लाईनीत उभी, माझ्या पुढं तीन-चार माणसं सोडून ते समोरच्या पार्टीचे गृहस्थ. शाई लावायची वेळ आली तेव्हा पोलिंगवालीने नेहमीसारखा डावा हात मागितला. बोटं डाव्याच हाताची गेलेली. तिने जरा थांबून उरलेल्या बोटाला शाई लावली, ते आत गेले, बटण दाबून बाहेर आले. माझ्याकडं बघून मान हलवली. मी पण हलवली. त्यांनी मत दिलं याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही, त्यांचा हक्कच आहे. पण मग मला कुणीतरी समजावून सांगा की गुन्हा तोच, कलम तेच, शिक्षा तेवढीच, दोघांची अपीलं एकाच कोर्टात, तर एक माणूस मतदार आणि दुसरा नाही हे कशावरून ठरलं? वकिलाच्या फीवरून ठरलं. दुसरं काही उत्तर असेल तर मला हवंय.

आता कायदा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 62, पोटकलम 5. जो माणूस जेलमध्ये बंद आहे, मग तो शिक्षेखाली असो की काळ्या पाण्याच्या शिक्षेखाली असो की अन्य कारणाने, किंवा पोलिसांच्या ताब्यात असेल, त्याला कुठल्याही निवडणुकीत मत देता येणार नाही. हो, काळं पाणी. ती शिक्षा आपल्या दंडसंहितेतून 1955 च्या दुरुस्तीने गेली, या कलमात अजून बसलीय, यावरून हे कलम कुणी किती वेळा नीट वाचलंय ते बघा. आणि ते "अन्य कारणाने" फार वाईट आहे, त्यात सगळे येतात. ज्याच्यावर गुन्हा शाबितच झाला नाही तो कच्चा कैदी येतो. पोटगी थकली म्हणून आत टाकलेला येतो. मतदानाच्या आदल्या रात्री पोलिसांनी उचलून नेलेला येतो.

एनसीआरबीचे (गुन्ह्यांची आणि जेलांची नोंद ठेवणारं केंद्राचं खातं) 2022 चे आकडे आहेत, देशातल्या जेलांत 5,73,220 माणसं, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे शंभरातले जवळजवळ शहात्तर. त्यांना अजून कुणी गुन्हेगार ठरवलेलं नाही. आणि उलटं बघा, शिक्षा लागलेला पण बेलवर बाहेर असलेला माणूस आरामात मत देतो, जसे आमचे शेजारी. म्हणजे गुन्हेगार ठरलेला देतो, न ठरलेला देत नाही. शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवलंय मी, कुणी पोराने उठून हे विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

घटनेचं कलम 326 मी काढून वाचलं. त्यात प्रौढ मतदान आहे आणि कोणाला वगळता येईल त्याची कारणं पण आहेत, रहिवासी नसणं, मन ठिकाणावर नसणं, गुन्हा, भ्रष्ट किंवा बेकायदा आचरण. गुन्हा हे कारण घटनेतच आहे, त्यामुळं संसदेला अधिकार आहे हे मान्य, उगाच भावनेत येऊन नाकारत नाही. पण घटना म्हणते गुन्हा आणि कायदा बघतो माणूस त्या दिवशी भिंतीच्या आत आहे का बाहेर. माझी तक्रार या एवढ्या जागेवर आहे. बाकी सगळं इथूनच निघतं.

आता तुमच्याबद्दलच्या तक्रारी. राग मानू नका, स्पष्ट लिहिते.

2013 साल आठवा. 10 जुलैला सुप्रीम कोर्टाने एका निकालात म्हटलं की जेलमधल्या माणसाला मत देता येत नसेल तर तो मतदारच नाही, मग त्याला निवडणूक लढवता पण येणार नाही. सगळ्या पक्षांची झोप उडाली. आणि पावसाळा संपायच्या आत, सप्टेंबरपर्यंत, दोन्ही सभागृहांनी याच 62(5) मध्ये दुरुस्ती करून टाकली, की मत देता येत नसलं तरी यादीतलं नाव शाबूत राहील आणि तो मतदारच समजला जाईल. अंमल पण मागच्या तारखेपासून, 10 जुलैपासूनच. म्हणजे काय, आत बसून उमेदवार होता येईल, मतदार म्हणून मत मात्र देता येणार नाही. दार उघडलं ते आपल्यापुरतं उघडलं. 2024 ला बारामुल्लातून इंजिनियर रशीद तिहारमधून निवडून आले, लाखो लोकांनी त्यांना मत दिलं, पण स्वतःचं मत द्यायचं म्हटलं असतं तर कायदा आडवा होता. शिक्षा दोन वर्षांपेक्षा कमी असली तर, काही ठरावीक गुन्हे सोडून, शिक्षा भोगणारा पक्का कैदी पण फॉर्म भरू शकतो. हे मी रचून सांगत नाही, तुमच्याच सभागृहाने केलंय. तेव्हा कुणीतरी उठून म्हणायला हवं होतं की कलम उघडलंच आहे तर आतल्या साध्या माणसाचं पण बघूया. त्या वेळी तुमच्यातलं कोण खासदार होतं कोण नव्हतं हा मुद्दा नाही, खुर्ची तीच आहे.

दुसरी गोष्ट, ही वाचून तर मी दोन दिवस प्रत्येकाला सांगत सुटले होते. 62(5) ला एक अपवाद आहे, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतला माणूस, म्हणजे पुढं काही करेल या भीतीने खटल्याशिवाय आधीच आत ठेवलेला. त्याला मत आहे आणि ते पोस्टाने आहे. निवडणूक नियम 1961 मध्ये नियम 18 ला लिहिलंय. आता आपल्याकडं स्थानबद्ध म्हणजे कोण? एमपीडीए (असल्या लोकांना स्थानबद्ध करायचा राज्याचा कायदा) लावलेला. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाला, ड्रग्जवाला, वाळूवाला, ज्याला एसपींच्या प्रस्तावावर कलेक्टर वर्षभर आत ठेवतात कारण बाहेर राहिला तर पब्लिकला धोका आहे. पेपरात दर महिन्याला फोटो येतो त्याचा. त्या दादाला पोस्टल मतदान, आणि त्याच जेलात मोटरची केबल चोरली म्हणून आलेलं, जामीनदार मिळत नाही म्हणून सडणारं पोरगं, त्याला काही नाही. माझं म्हणणं दादाचं काढा असं नाही हं. पण मग "गुन्हेगारांना निवडणुकीपासून लांब ठेवायचं" हे कारण कुठं राहिलं?

ते कारण सुप्रीम कोर्टाने 1997 ला दिलं होतं, अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात, हे कलम वैध ठरवताना. तीन कारणं होती. एक ते, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीच्या जागेपासून दूर ठेवणं. दुसरं, जो स्वतःच्या वागण्याने आत गेला त्याला बाहेरच्या माणसाइतकं स्वातंत्र्य मागता येत नाही. तिसरं, एवढ्या कैद्यांना मत द्यायला लावायचं तर पोलीस, बंदोबस्त, सोयी कुठून आणायच्या. कोर्टाचा आदर आहेच. पण तिसऱ्या कारणावर मला बोलू द्या कारण तो माझा धंदा होता.

बंदोबस्त लागतो तो बूथला. कैद्याला बूथवर न्यायचं कुणी म्हणतच नाही. पोस्टल मत म्हणजे काय असतं, एक मतपत्रिका, 13-अ चा डिक्लरेशन फॉर्म, 13-ब चा आतला लिफाफा, 13-क चा बाहेरचा. शिक्षकांना इलेक्शन ड्यूटीला हेच देतात, मी स्वतः भरलंय. 13-अ वर कुणीतरी साक्षांकन करायचं असतं, आणि नियम 24 मध्ये स्थानबद्ध माणसासाठी ते कुणी करायचं ते लिहून ठेवलंय, जेलचे सुपरिंटेंडंट. म्हणजे फॉर्म आहे, लिफाफा आहे, सही करणारा साहेब आहे, जेलमधून मत बाहेर न्यायची वाट पण आहे. फक्त यादीत बाकीच्या कैद्यांचं नाव नाही. 1997 नंतर आयोगाने काय काय करून दाखवलं ते पण बघा की, सैनिकांना मतपत्रिका ऑनलाईन जाते, 2024 ला 85 च्या वरच्या म्हाताऱ्यांच्या आणि 40 टक्क्यांवरच्या दिव्यांगांच्या घरी पथक गेलं, आमच्या वाडीवर पण आलं होतं, पेटी, पडदा, व्हिडिओवाला सगळं घेऊन. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी बूथ लावतात आणि त्याचं कौतुक सगळीकडं दाखवतात, दाखवावंच. एकासाठी सिंहांच्या जंगलात जाणाऱ्यांना कळंब्यात, जिथं माणसं मोजूनमापून एका जागी बसलेलीच आहेत, तिथं जाता येत नाही हे पटत नाही.

एकगठ्ठा मतांची भीती घालतात लोक. बराकीतला दादा सांगेल तिकडंच सगळे टाकतील म्हणे. एक तर प्रत्येक कैद्याचं मत त्याच्या घरच्या मतदारसंघात जाणार, कळंब्यातला आटपाडीचा माणूस खानापूरला, माणचा माणला, कोल्हापूरचा कोल्हापूरला, गठ्ठा होणार कसा? आणि दुसरं, आपल्याकडं बाहेर काय चालतं ते माझ्या तोंडून ऐकायचंय का? पाकिटं, ढाब्यावरच्या जेवणावळी, कारखान्याच्या जीपा, सोसायटीच्या कर्जाची आठवण. त्या सगळ्या मतदारांचं मत आपण काढून घेत नाही. गैरप्रकार थांबवायचा प्रयत्न करतो, तेवढंच.

"स्वतःच्या वागण्याने आत गेला" याबद्दल थोडं. पक्क्या कैद्याच्या बाबतीत ते खरं आहे, माझ्या भावाच्या बाबतीत तर शंभर टक्के. पण शिक्षा काय दिली? पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड. निकालाच्या कागदावर कुठंही मत काढून घेतलं असं लिहिलेलं नाही. ज्या गुन्ह्यात मत काढायचं असं कायद्याला वाटलं तिथं तसं स्पष्ट कलम आहे, 1951 च्याच कायद्यातलं 11-अ, निवडणुकीत लाच देणं, दुसऱ्याच्या नावाने मत टाकणं असल्या गुन्ह्यांत शिक्षा लागली तर सहा वर्षं मतदान बंद. हे मला पटतं. मताचा धंदा केला, मत गेलं. बांधावर कोयता चालवला त्याचा मताशी काय संबंध? सातबारा त्याच्याच नावावर आहे, टेंभू योजनेच्या पाण्याची पाणीपट्टी त्याच्याच नावाने निघते, पोरगी त्याची कॉलेजला, स्कॉलरशिपचे निर्णय तुम्हीच घेणार. मुलाखतीला गेलं की काचेपलीकडून फोन कानाला लावून पहिलं विचारतो, टेंभूचं आवर्तन सुटलं का, मग आईची तब्येत, मग गावात कोण कुठल्या पक्षात गेलं. मतदानानंतरच्या भेटीत विचारलं, "तू कुणाला टाकलंस?" मी सांगितलं. म्हणाला, "मी दुसऱ्याला टाकलं असतं." तिथं पण वाद! भेटीची वेळ संपली म्हणून बरं.

आणि ज्या जागेत तो राहतो ती जागा पण सरकारच चालवतं. एका बराकीत किती कोंबायचे, डॉक्टर कधी येणार, संडास किती. प्रचाराला तुम्ही वाडीवस्तीवर, मर्तिकाला, बारशाला, सगळीकडं जाता. जेलात कोण गेलंय कधी? पीए म्हणाला तेच, मत नाही तर कशाला.

याच्या उलट उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे आणि ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, भाषणात अभिमानाने घेता. स्वतंत्रपूर. 1939 ला औंध संस्थानात राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनियरने आटपाडीजवळच्या माळावर उभी केलेली कैद्यांची खुली वसाहत. ना तट, ना बेड्या. शिक्षा लागलेले, खुनाच्या केसमधले सुद्धा, बायकापोरांसकट राहणार, शेती करणार. त्यावर पुढं गाजलेला सिनेमा निघाला. त्याच 1939 मध्ये या संस्थानाने रयतेला राज्यघटना देऊन कारभार गावांच्या हातात दिला, तेव्हा अख्खा हिंदुस्थान इंग्रजांखाली होता. म्हणजे या मातीत लोकांवर विश्वास टाकायचे दोन प्रयोग एकाच साली झाले. वसाहत अजून चालू आहे. तिथली पोरं माझ्या वर्गात बसलीत, वह्या तपासल्यात त्यांच्या, पालकसभेला आई यायची, बाकीच्या पोरांसारखीच पोरं, डब्यात तीच ज्वारीची भाकरी. मला एक सांगा, ज्या माणसावर सरकार एवढा विश्वास टाकतं की कुंपण न घालता जमीन कसायला देतं, तो पळून जाणार नाही अशी खात्री धरतं, त्याच्यावर एका मताचा विश्वास टाकता येत नाही? बायको बूथवर जाणार आणि नवरा वांग्याच्या वाफ्यात उभा राहणार, कारण कागदावर तो "बंद" आहे. बंद कुठं आहे तो?

आणि सांगलीच्या जेलचं तर विचारूच नका. 24 जुलै 1943 ला वसंतदादा साथीदारांसह त्याच जेलातून तट ओलांडून पळाले, गोळी लागली, दोन सोबती गेले. पुढं पकडले, शिक्षा झाली, 1946 ला सुटले, 1952 ला आमदार आणि नंतर मुख्यमंत्री. क्रांतिसिंह नाना पाटील प्रतिसरकारात वर्षानुवर्षं भूमिगत, सरकारदरबारी फरारी गुन्हेगार, 1957 ला साताऱ्यातून लोकसभेत. माझा भाऊ त्यांच्या पासंगाला पुरत नाही, तुलना करतच नाहीये, तेवढी अक्कल आहे मला. पण कैदी म्हटला की तो कायमचा आपल्यातून गेला असं निदान या दोन जिल्ह्यांनी तरी म्हणू नये.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 1999 ला कैद्यांना मताची सोय करायला लावली, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 2002 ला दोन वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेच्या कैद्यांची बंदी रद्द केली, अमेरिकेत मेन आणि व्हरमाँट या दोन राज्यांत पक्के कैदी जेलमधूनच मत देतात. यातला कुठला देश बुडाला नाही. आपल्याकडं 2022 ला सुप्रीम कोर्टाने याच कलमावर केंद्राला आणि आयोगाला नोटीस काढली. कोर्ट बघेल तेव्हा बघेल, पण कायदा तुम्ही करता, कोर्टाच्या मागं किती दिवस लपणार.

एक बारकी गोष्ट राहिली, बारकी म्हणजे तुम्हाला, गावात मोठी आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 20 आहे, माणूस जेलात आहे म्हणून त्याचा पत्ता जेलचा होत नाही, घरचाच राहतो. 2013 च्या दुरुस्तीनेही नाव यादीत राहतंच. तरी याद्या दुरुस्त करताना "पत्त्यावर आढळला नाही" म्हणून 7 नंबरचा फॉर्म भरून नावं उडवतात. आमच्या शेजारच्या वाडीतला एकजण शिक्षा पुरी भोगून आला, बूथवर गेला, नाव नाही. सगळ्यांसमोर एजंटने विचारलं, "तू तर आत होतास ना?" परत 6 नंबरचा फॉर्म, परत चकरा. सुटलेल्या माणसाला मत आहे हे कायद्यात स्पष्ट असताना ही वेळ का यावी त्याच्यावर?

विरोध करणारे घरातच आहेत, माझ्या जावेचं म्हणणं, "ज्याचं माणूस मेलं त्याला विचार, खुनी मत देतो म्हटल्यावर कसं वाटेल." खरं आहे. त्या घरच्यांना नाही आवडणार आणि त्यांना समजावायला मी जाणार नाही. पण त्यांना खुनी बेलवर सुटून गावात हिंडलेला पण आवडत नाही, सुटून आल्यावर सरपंचाच्या खुर्चीवर बसलेला तर त्याहून नाही, आणि कायदा त्या दोन्ही गोष्टी होऊ देतो. संसदेला वाटलं की अमुक भयंकर गुन्ह्यात मत काढायचंच, तर तसं कलम आणा, जज्ज शिक्षेबरोबर मुदत घालून लिहितील, मी त्याला विरोध करणार नाही. मग बेल मिळो न मिळो, श्रीमंत गरीब दोघांचं जाईल.

तर मागण्या.

1. 62(5) मधून कच्चे कैदी आणि पोलीस कस्टडीतली माणसं आधी बाहेर काढा. यावर दुमत असायचं कारण नाही, पुढच्याच अधिवेशनात खासगी विधेयक आणा, चौघांनी मिळून आणा, पक्ष वेगळे असले तरी.

2. पक्क्या कैद्याचं मत जेलात आहे म्हणून आपोआप जाऊ नये. ज्या गुन्ह्यात काढायचं ते 11-अ सारखं नाव घेऊन लिहा, निकालात मुदतीसकट येऊ द्या.

3. नियम 18 मध्ये स्थानबद्धांच्या शेजारी बाकी कैद्यांना घाला. नियम केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून बदलतं, तेव्हा आयोगाने मसुदा तयार ठेवावा. सुरुवात खुल्या वसाहतींपासून करा, स्वतंत्रपूर पहिलं घ्या.

4. पॅरोल-फर्लोवर (जेलमधून मिळणाऱ्या तात्पुरत्या सुट्टीवर) मतदानाच्या दिवशी घरी असलेल्या माणसाने बूथवर जायचं की नाही, हे आयोगाने लेखी आदेश काढून सांगावं. बूथवरच्या शिक्षकाच्या डोक्यावर टाकू नका, ती बिचारी तिथं एकटी असते.

5. जेलात आहे म्हणून यादीतून नाव कमी करायचं नाही असं प्रत्येक बीएलओला लेखी कळवा, आणि सुटकेच्या दिवशी जेलनेच यादीतलं नाव तपासून द्यावं.

6. तोवर निदान एकदा तरी सांगलीच्या, साताऱ्याच्या आणि कळंब्याच्या जेलात जाऊन या. आमच्या चारही मतदारसंघांची माणसं आत आहेत. नावं यादीत आहेत, भाग क्रमांकासकट, मी काढून देते हवी तर.

यातलं काय करणार आणि काय नाही करणार, ते लेखी कळवा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, कारणासकट म्हणा. पीएकडून निरोप नको.

आपली,
आटपाडी तालुक्यातली एक रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका आणि मतदार